कांजिण्या आणि आठवड्याची सुट्टी

कांजिण्यांचा एक रुग्ण सापडला की शाळा आठवडाभर बंद ठेवावी, असं काहीजण सुचवतात. काळजी समजते, पण हिशेब जुळत नाही. लागण झाल्यावर पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवतं. म्हणजे सुट्टी संपून वर्ग भरतो, तेव्हाच नवे रुग्ण निघायला लागतात.

खरी तयारी साथीच्या आधीची. कुणाचं लसीकरण राहिलंय, कुणाची प्रतिकारशक्ती औषधोपचारांमुळे कमी झालीय, कोणत्या शिक्षिका गरोदर आहेत, ही यादी कार्यालयात तयार हवी. रुग्ण सापडला की या सगळ्यांना त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. लस न घेतलेल्या निरोगी मुलाला संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. वर्गशिक्षकांनी सोमवारच्या पालकसभेची वाट पाहिली तर ती संधी गेलीच. गरोदर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ही लस चालत नाही, त्यांनी लगेच डॉक्टर गाठायचे.

आजारी मूल प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत घरीच. आणि पूर्ण हजेरीची बक्षिसं कृपा करून बंद करा! अंगात कणकण असतानाही मुलं त्यापायीच वर्गात येऊन बसतात.