एडीएक्सएल३४५: आयटूसीचा ड्रायव्हर एसपीआयवर नेला, सहापैकी एकच बाइट खरा

तारतोड्या: मंडळी, या ॲक्सेलरोमीटरसाठी लिहिलेला माझा लिनक्स ड्रायव्हर आयटूसीवर (दोन तारांची बस) सुरळीत चालतो. नव्या बोर्डावर तीच चिप एसपीआयवर (दुसरी बस, सहसा चार तारांची) आहे. रेगमॅप (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याचा कर्नलमधला सामायिक थर) आधीपासून होताच, म्हणून एसपीआयची छोटी फाइल वेगळी केली आणि रीड फ्लॅग मास्कमध्ये (वाचताना पत्त्याच्या बाइटात मिसळायचे बिट) बिट ७ टाकला. ओळखीचं रजिस्टर बरोबर ई५ देतं. पण हेक्स ३२ पासून सहा बाइट (एक्स, वाय, झेड या अक्षांचे दोन-दोन) एकदम वाचले की पहिलाच पटण्यासारखा, बाकी कचरा. एकेक वाचले तर सहाही ठीक. मग कोरमध्ये (दोन्ही बसना सामायिक फाइलीत) ‘एसपीआय असेल तर एकेक वाच’ अशी अट घालू का?

घड्याळजी: एसपीआयचा मोड (घड्याळाची ठेवण) ३ आहे ना? आणि क्लॉक ५ मेगाहर्ट्झच्या आत?

जुनाबोर्ड: एकेक वाचून सगळं बरोबर येतंय, तेव्हा मोड आणि क्लॉक सोडा. घोळ बिट ६ चा आहे. या चिपचं शेवटचं रजिस्टर हेक्स ३९, म्हणजे पत्त्याला सहा बिट पुरतात. उरलेल्या दोनांपैकी ७ म्हणजे ‘वाचायचंय’, ६ म्हणजे ‘पुढे सरकत राहा’. आयटूसीवर हा बिट नसतोच, म्हणून तिथे कधी अडलं नाही. मास्क हेक्स सी० करा.

ती अट मात्र कोरमध्ये नकोच. एक्सचे दोन बाइट वेगवेगळे वाचलेत तर मधल्या वेळात नवं मोजमाप येऊन बसेल. खालचा बाइट जुना, वरचा नवा. असा आकडा दिसायला अगदी सभ्य असतो, सापडता सापडत नाही. कर्नलमधला याच चिपचा ड्रायव्हर बघा: कोर, आयटूसी, एसपीआय अशा तीन फाइली, आणि मास्क फक्त एसपीआयच्या फाइलीत.

तारतोड्या: सी० केलं, सहाही आले! अजून एक. दुसऱ्या बोर्डावर एसपीआय तीन तारांचा आहे. त्यासाठी डेटा फॉरमॅट रजिस्टरात बिट लावावा लागतो. ते तरी कोरमध्येच करायचं ना?

जुनाबोर्ड: नाही. एसपीआयच्या फाइलीत एक सेटअप फंक्शन लिहा आणि कोरच्या प्रोबला (चिप सुरू करणाऱ्या फंक्शनला) त्याचा पॉइंटर द्या, आयटूसीकडून नल, म्हणजे रिकामा. कोरने ते ई५ तपासण्याआधी चालवायचं, कारण हेक्स ३१ मधला तो बिट लागल्याशिवाय तीन तारांवर ई५ वाचताच येणार नाही. आणि पुढे रेंज बदलताना ३१ वर अख्खा बाइट लिहू नका. फक्त हवे तेच बिट बदलणारं रेगमॅप अपडेट बिट्स वापरा, नाहीतर तोच बिट पुसाल आणि चिप मुकी होईल.