उत्तर: सायकलच्या लाइटमध्ये लुमेनपेक्षा (म्हणजे एकूण उजेडाच्या मापापेक्षा) झोताचा आकार बघा

वरच्या पोस्टमध्ये सायकलची फ्रेम आणि ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) याबद्दल लिहिलंय ते पटलं, पण त्यातलं 'हजार लुमेनचा लाइट घेतला की रात्रीची काळजी मिटली' हे मात्र नाही पटत. स्वस्त लाइटचा झोत टॉर्चसारखा गोल असतो. त्यातला निम्मा उजेड झाडांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, रस्त्यावर उरतो तो थोडाच. जर्मनीच्या एसटीव्हीझेडओ नियमाप्रमाणे बनवलेल्या लाइटचा झोत कारच्या डिपरसारखा वरून कापलेला असतो. त्यात शे-दीडशे लुमेनलाही खड्डा लांबून दिसतो.

दुसरं म्हणजे फुल मोडवर बॅटरी जेमतेम दीड-दोन तास टिकते. ३०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) वेळ असतो २० तास, म्हणजे रात्र गाठतेच. माझा लाइट जुन्या कात्रज घाटातून पुण्याकडे उतरताना पटकन विझला, वळणाच्या ऐन तोंडावर! मागच्या ट्रकच्या उजेडात कसाबसा कडेला आलो. तेव्हापासून हँडलबारवर दोन लाइट, एक चालू आणि एक राखीव. लाइट चार्जिंग चालू असतानाही पेटलेला राहतो ना, हे दुकानातच पॉवरबँक लावून बघा. काही मॉडेल चार्जिंगला लावली की बंदच होतात.