शब्दचर्चा: रेक्टर, व्हिकर, क्युरेट, तिघेही पाद्रीच?

रानजाई: इंग्लंडमधल्या खेड्यातली जुनी कथा मराठीत करतेय. रेक्टर, व्हिकर आणि क्युरेट एकाच पानावर, आणि उत्पन्नावरून जुंपलेली. तिघांनाही 'पाद्री' म्हटलं तर कोण कोणाशी भांडतंय तेच कळत नाही.

पंतोजी: भांडणातच उत्तर आहे. गावच्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चचा. रेक्टरला सगळा वाटा. पण तो हक्क मठाकडे किंवा जमीनदाराकडे गेला असेल, तर उपासना चालवायला नेमलेला तो व्हिकर. धान्याचा मोठा वाटा वर जायचा, याच्या पदरात फळं-कोंबड्या. लॅटिन विकारियस म्हणजे बदली माणूस. म्हणून रेक्टर वतनदार आणि व्हिकर त्याचा मुतालिक!

नगरी: मुतालिक? रविवारी उपदेश करणारा माणूस आहे तो, चौथाई वसूल करणारा नाही. आमच्या नगरकडे 'पाळकसाहेब' म्हणतात. 'पाद्री' आमच्या घरात कोणी म्हणत नाही, बाहेरचेच म्हणतात.

पंतोजी: पोर्तुगीज पाद्रे म्हणजे बाप. 'फादर' चालतो, मग पाद्रीने काय घोडं मारलं?

नगरी: फादर कॅथलिकांचे.

जुनी पेठ: असं कसं? पुण्याचं पंचहौद मिशन अँग्लिकनच, आणि तिथले कौलीचे, म्हणजे एका अँग्लिकन मठसंघाचे, धर्मगुरू 'फादर'. लोकमान्य टिळक आणि रानड्यांनी १८९० मध्ये घेतलेल्या ज्या चहाबिस्किटांवरून पुढे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद झाला, ती तिथलीच.

नगरी: त्यांचं वळण निराळं. आणि चहा मध्येच कुठून आला?

रानजाई: चहा राहू द्या. पुढच्या प्रकरणात इव्हनसाँग आहे. 'सायंप्रार्थना' लिहू?

दर्यावर्दी: गाणं हरवतं हो त्यात. स्तोत्रं, मरियेचं गीत, शिमोनाचं गीत, सगळं गायचं असतं. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आर्चबिशप क्रॅनमरने मठातल्या संध्याकाळच्या आणि निजण्यापूर्वीच्या प्रार्थना एकत्र करून ही उपासना बांधली.

पंतोजी: म्हणजे धूपारती अधिक शेजारती. 'सांजारती' करा, मराठी कानाला लगेच कळेल.

नगरी: कळेल, पण चुकीचं कळेल! ओवाळतंय कोण तिथे?

पंतोजी: ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले तेव्हा कुठे अडलं?

नगरी: अभंग हा छंद झाला, आरती ही कृती. टिळकांची पदं 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून आम्ही दर रविवारी गातो, आम्हाला नका शिकवू.

दर्यावर्दी: मला तर सरळ 'इव्हनसाँग' ठेवून एक तळटीप बरी वाटते.

पंतोजी: मग भाषांतर कशाला करायचं? मूळ पुस्तकच छापा.

रानजाई: क्युरेट राहिला.

दर्यावर्दी: मुळात आत्म्यांची 'क्युरा', म्हणजे काळजी, वाहणारा. इंग्लंडात आता हाताखालचा नवखा धर्मगुरू. 'उमेदवार पाळक'?

नगरी: नको, उमेदवार म्हटलं की मंडळीच्या कमिटीची निवडणूक आठवते. 'साहाय्यक पाळक' म्हणा.

पंतोजी: सरकारी जाहिरातीतलं पद वाटतं. मुतालिकाच्या हाताखाली 'कारकून' शोभेल.

जुनी पेठ: त्या ग्रामण्याबद्दल मात्र वेगळा धागा काढतोय.