एक्सेलमधला टेस्ट डेटा पायथनच्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचाय, कोणती लायब्ररी वापरू?

कोथरूडची_क्यूए
मंडळी, सहा वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केल्यावर आता ऑटोमेशन गळ्यात पडलंय. पायटेस्ट (पायथनमध्ये टेस्ट चालवणारं साधन) आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं). कर्जाच्या अर्जाचा फॉर्म आहे, टेस्ट डेटा बिझनेसवाले एक्सेलमध्ये भरून देतात. ३४० ओळी, २२ कॉलम, एक ओळ म्हणजे एक केस. सध्या व्हॅल्यू कोडमध्ये हातानेच टाकतेय आणि दर शुक्रवारी नवी शीट येऊन थडकते. एक्सेल वाचणाऱ्या लायब्ररींपैकी पँडाज घेऊ, ओपनपायएक्सएल, की सरळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी टेक्स्ट फाइल)? पायथन बेताचंच येतं, सांभाळून घ्या.

चहाबाज_टेस्टर
पँडाज. रीड_एक्सेल, एक ओळ, विषय संपला.

जुनं_खोड
चहाबाज, विषय तिथून सुरू होतो.

ताई, पिनकोडच्या कॉलममध्ये एक जरी सेल रिकामा असला तरी पँडाज अख्खा कॉलम दशांशात नेतं. ४११०३८ चं ४११०३८.० होतं आणि सेलेनियम तेच इमानदारीत फॉर्ममध्ये टाइप करतं. रिकाम्या मधल्या नावाच्या जागी 'नॅन' (पँडाजची रिकाम्या सेलची खूण) अशी अक्षरं उमटतात. 'एनए' लिहिलेला सेलही ते रिकामाच धरतं. पँडाज वापरायचंच तर डीटाइपला एसटीआर द्या (सगळं टेक्स्ट म्हणून वाचायला) आणि कीप_डिफॉल्ट_एनए फॉल्स करा (नॅन टाळायला). दोन्ही करा, एकाने भागत नाही.

माझं मत विचाराल तर ३४० ओळींसाठी ओपनपायएक्सएल पुरे. पहिल्या ओळीतली हेडिंग्ज घ्या, खालची प्रत्येक ओळ त्यांच्याशी झिप करून (जोड्या लावून) डिक्शनरी करा, म्हणजे हेडिंगच्या नावाने व्हॅल्यू मिळते. बावीस कॉलमची बावीस व्हेरिएबल करत बसू नका, उद्या बिझनेसवाल्यांनी मध्येच एक कॉलम घुसवला की सगळं सरकतं. डिक्शनरीत नावाने वाचता, त्यामुळे फरक पडत नाही. मग ही यादी पायटेस्टच्या पॅरामीट्राइझला द्यायची (तीच टेस्ट प्रत्येक ओळीसाठी चालते), आणि आयडीजमध्ये, म्हणजे केसच्या नावांत, केस क्रमांक. तो दिला नाही तर रिपोर्टमध्ये नुसतं 'रो११६ फेल' दिसेल आणि तुम्ही शीटमध्ये बोटाने ओळी मोजत बसाल.

कोथरूडची_क्यूए
खोडकाका, आभार! डिक्शनरी जमली, ३४० पैकी ३१२ पास. पण कार्डच्या केसेस एकजात फेल. शीटमध्ये टेस्ट कार्डचा नंबर ४ आणि पुढे पंधरा वेळा १ असा सलग सोळा अंकी दिला होता म्हणतात. मी व्हेरिएबल प्रिंट केलं तर शेवटी शून्य! माझ्या कोडमध्ये काय चुकलं?

जुनं_खोड
तुमचा कोड निर्दोष आहे. एक्सेल १५ च अंक लक्षात ठेवतं, सोळाव्याचं शून्य करून मोकळं होतं. शेवटचा अंक तपासणीचा असतो, म्हणून फॉर्म 'अवैध कार्ड' म्हणणारच. अंक टाइप करतानाच गेला, आता कुठलीही लायब्ररी तो परत आणणार नाही. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही अशीच जातात. कॉलम आधी 'टेक्स्ट' करायचा, मग भरायचा. भरल्यावर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, नंबर पुन्हा टाइप करावा लागतो. बिझनेसवाल्यांना कोरी शीट तुम्हीच बनवून द्या, फॉर्म्युल्याचा सोडून बाकी सगळे कॉलम टेक्स्ट करून. रक्कम, तारीख वगैरेचं रूपांतर कोडमध्ये तुमच्या हाताने.

जावावाली_वहिनी
तारखेवरून आठवलं. आमच्याकडे एकाच्या लॅपटॉपचं रीजन अमेरिकेचं होतं. त्याने ०५/०४/२०२४ टाकलं, एक्सेलने ४ मे धरलं. १३ तारखेपासून पुढे मात्र महिना तेरावा नसतोच, म्हणून ते टेक्स्टच राहिलं. एकाच कॉलममध्ये निम्म्या तारखा, निम्मी अक्षरं. दोन दिवस गेले शोधण्यात. जावावाल्यांसाठी: अपाचे पीओआय (जावाची एक्सेल वाचणारी लायब्ररी) वापरत असाल तर गेट न्यूमेरिक सेल व्हॅल्यूच्या नादी लागू नका, डेटाफॉर्मॅटर घ्या. सेलमध्ये दिसतं तेच टेक्स्ट म्हणून मिळतं.

चहाबाज_टेस्टर
सीएसव्हीच करा ना मग, टेक्स्टच टेक्स्ट.

जुनं_खोड
करा, पण ती सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली की शून्यं पुन्हा गायब. अर्जदाराची नावं मराठीत असतील तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि पायथनमध्ये उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग. नाहीतर पहिल्या हेडिंगला एक अदृश्य अक्षर चिकटतं आणि समोर दिसणारी की (डिक्शनरीतलं हेडिंगचं नाव) 'सापडत नाही' म्हणून एरर येते.

कोथरूडची_क्यूए
कार्ड पास! आता शेवटचं. ईएमआयच्या कॉलममध्ये फॉर्म्युला आहे, तिथे मला आकड्याऐवजी 'पीएमटी'चं (हप्ता काढणाऱ्या एक्सेल फंक्शनचं) सूत्रच मिळतंय.

जुनं_खोड
फाइल लोड करताना डेटा_ओन्ली ट्रू. एक्सेलने शेवटचं काढलेलं उत्तर मिळेल. पण तीच फाइल तुमच्या स्क्रिप्टने सेव्ह केली असेल तर उत्तर पुसलं जातं आणि नन (पायथनचं 'काहीच नाही') येतं. एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करा. शिवाय एक लाख, १२ टक्के, १२ महिने याला सेलचा फॉरमॅट बिनदशांशाचा असेल तर ८८८५ दिसेल, आत असेल ८८८४.८७८८ आणि पुढे शेपूट. स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडण्याआधी राउंड करा. किती दशांशांपर्यंत, ते बिझनेसवाल्यांकडून लिहून घ्या. तोंडी नको.