स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी पट्ट्या आणि दर वेळी वेगळीच ब्ल्यू स्क्रीन, फॉरमॅट मारूनही तेच

घावणे_चटणी:
नमस्कार मंडळी, घरचा असेंबल्ड पीसी आहे, आय३, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ४ जीबीची रॅम होती त्यात नंतर अजून एक ४ जीबीची टाकून घेतली. पावसाळा सुरू झाला तसं सकाळी चालू केला की स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी पट्ट्या येतात, कधी अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, मग डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून परत चालू झाला असा मेसेज येतो आणि थोड्या वेळाने ब्ल्यू स्क्रीन. त्यावर कधी मेमरी मॅनेजमेंट लिहिलेलं असतं, कधी पेज फॉल्ट, कधी अजून काहीतरी भलतंच. दुकानवाला येतो, फॉरमॅट मारतो, पैसे घेतो आणि चार दिवसांनी येरे माझ्या मागल्या. आता म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. मुलीचं कॉलेजचं सगळं काम त्यावर आहे हो, खरंच गेला असेल का?

रात्रपाळी:
आधी मॉनिटर आणि केबल बाद करून घ्या. पट्ट्या दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. त्या फोटोत पट्ट्या नसतील तर बहुधा केबल किंवा मॉनिटर, असतील तर भानगड डब्याच्या आत. शिवाय चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी सेटिंगची स्क्रीन) जा, तिथेही पट्ट्या आल्या तर विंडोजचा काही संबंध नाही, कितीही फॉरमॅट मारा.

पुणेरी_माउस:
ड्रायव्हरच असणार. सेफ मोडमध्ये जाऊन जुना साफ उडवा आणि कंपनीच्या साईटवरून नवीन टाका. नाहीच झालं तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) टीडीआर डिले, म्हणजे ग्राफिक्सच्या उत्तराची वाट बघायची वेळ, वाढवायचा, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत.

खटपट्या:
माउसराव, रजिस्ट्रीला कशाला हात लावायला सांगताय. ग्राफिक्सने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, व्हिस्टापासून असंच आहे. ती वेळ वाढवली तर फक्त स्क्रीन जास्त वेळ अडकून बसेल, मूळ दुखणं तिथेच.

ताई, तुमच्या पोस्टमधली महत्त्वाची गोष्ट म्हणजे एरर दर वेळी बदलतोय. एकच एरर सारखा येत असता तर मीही ड्रायव्हरच म्हटलं असतं, पण रोज नवा म्हटल्यावर माझा पहिला संशय रॅमवर, मग पॉवर सप्लायवर. आणि वेगळं कार्ड नाही म्हणजे ऑनबोर्ड ग्राफिक्स, त्याला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधला तुकडा वापरतं, म्हणून रॅमचा दोष पट्ट्या होऊन स्क्रीनवर दिसू शकतो. कोकणातल्या असाल तर पावसात कॉन्टॅक्टवर काट चढतोच.

असं करा, प्लग काढा, पॉवर बटण जरा दाबून धरा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा आणि मग रॅम काढा. सोनेरी पट्टीवर पेन्सिलचं मऊ पांढरं खोडरबर हलकं फिरवा, शाईचं खरखरीत नको, ते सोनं खरवडतं. भुगा ब्रशने झटका, स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. आता एकच रॅम लावून एखाद दिवस वापरा, मग दुसरी एकटी, त्याच स्लॉटमध्ये. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) टाकून रात्रभर चालवलीत तर उत्तमच, एक जरी लाल ओळ आली तरी काहीतरी बिघडलेलंय हे नक्की. बोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या गोल डबीसारखे भाग) फुगलेत का तेही बघून घ्या, डोकं सपाट हवं.

घावणे_चटणी:
स्क्रीनशॉटमध्ये पट्ट्या आल्या, बायोसमध्येपण एकदा आल्या. दोन्ही रॅम पुसल्या (एकीची पट्टी चक्क काळपट झाली होती, खोडरबर काळं झालं). जुनी एकटी लावली तर एकदम शांत. नंतर टाकलेली एकटी लावली तर पुसूनसुद्धा चालू होतानाच पट्ट्या, आणि मेमटेस्टमध्ये लाल ओळींचा पाऊस. जुनीवर रात्रभर एकही नाही. दुकानवाल्याला सांगितलं तर म्हणतो रॅम कधी खराब होत नसते!

खटपट्या:
होते की, आमच्याकडे डबाभर पडल्यात. बोर्ड वाचला तुमचा. त्या रॅमचं बिल शोधा, बऱ्याच कंपन्या रॅमवर लांबलचक वॉरंटी देतात, वरचं स्टिकर मात्र काढू नका. नवीन घ्यायचीच झाली तर जुनीच्या लेबलवर डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते वाचून घ्या, एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही. तोवर ४ जीबीवर क्रोमचे टॅब कमी उघडायला सांगा मुलीला.

रात्रपाळी:
आणि विंडोज १० असेल तर मुलीच्या फायलींचा बॅकअप आधी, त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. रॅम बिघडलेली असताना सेव्ह केलेल्या फायली एकेक उघडून बघा, काही करप्ट निघू शकतात.

घावणे_चटणी:
दोन वर्ड फायली उघडत नाहीयेत खरंच. बिल सापडलंय, उद्या दुकानात जाते.