चोरी झाली की पोलीस आधी पारधी वस्तीवरच का?

माळरान :
आमच्या गावात रात्रीतून तीन शेळ्या गेल्या. तक्रार द्यायच्या आधीच पारावर निकाल लागला, 'पालावरचेच असणार.' पोलिसांनी तिथली दोन पोरं उचलली, दोन दिवसांनी सोडली. शेळ्या काही मिळाल्या नाहीत.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्यातही आला. पारध्यांसारखी अख्खी जमातच गुन्हेगार, मग पोटातलं पोरही गुन्हेगार! हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हललं की शिक्षा. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. अटकेच्या नोंदींवरून जमात ओळखू नका. पोलीस ज्या वस्तीवर रोज जातात, तिथलीच माणसं नोंदीत दिसणार.

बारेवाला :
शहरात बसून लिहिणं सोपं आहे. आमच्याकडे लाईट रात्रीची. पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलो की हातात काठी लागते. तांब्यासाठी मोटारीची केबल कापून नेतात, पीक जळतं, भरपाई कोण देतो? आणि कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली, अजून इंग्रजांच्या नावानंच बोटं मोडायची?

सोलापुरी चादर :
@बारेवाला, केबल गेली की त्रास होतोच, त्यात वाद नाही. पण केबल कुणी नेली हे तुम्हाला कळलं कसं?
आमच्याकडे सोलापुरात सेटलमेंट भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. त्या कायद्याखाली तिथं तारेच्या कुंपणाआड अख्खी कुटुंबं ठेवली होती, त्यांतलीच माणसं गिरण्यांत राबली. म्हणजे काम दिलं तर करत होती. फासेपारध्यांचं पोट तितर, लावे, सशांवर. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, पण बदल्यात जमीन मिळाली नाही.

बारेवाला :
दगड फोडणाऱ्या वडारांचाही धंदा गेला, मशिनी आल्या. ते लागले का चोऱ्या करायला? गरिबीवर सगळं ढकलू नका. माणूस ठरवतो तेव्हाच चोरी करतो.

माळरान :
वडारांनाही कमी भोगावं लागलेलं नाही, पण त्यांना खडी-बांधकामावर मुकादम तरी घेतो. पारध्याचं आधारवर आडनाव काळे, भोसले असं चारचौघांसारखंच असतं, पण घरची गुजराती वळणाची बोली कानावर पडली की दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नको'. ठरवायला पर्याय समोर लागतात ना? आणि काही पारधी चोऱ्या करतात हे मी नाकारत नाही. चोर धरा, खटला भरा. सगळं पाल कशाला उठवता?

खाकीची बायको :
ह्यांच्या बाजूने लिहिते. वरून रोज विचारणा, 'तपास कुठवर आला?' ठाण्यात माणसं कमी. जुन्या रजिस्टरात नाव असलेल्याकडे आधी जाणं हा कामाचा भाग आहे, द्वेष नव्हे.

सोलापुरी चादर :
वहिनी, त्या रजिस्टरात नाव चढलं कसं, तिथंच घोडं अडलंय. संशयावरून उचललं की नाव चढतं, नाव आहे म्हणून परत उचलतात. शिपायाच्या मनात द्वेष असायची गरजच नाही. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकानाच काढायला सांगितला, तो उगाच?

बारेवाला :
तुरुंगांच्या आकडेवारीत एससी, एसटी, ओबीसी असे गट असतात. विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमाती, या तिन्हींत विखुरलेल्या, त्यांचा वेगळा आकडा नाही. मग मी 'तेच करतात' म्हणायचं नाही, तर माळरानने तरी 'त्यांनाच जास्त धरतात' कशावरून म्हणायचं?

माळरान :
बरोबर. मग वेगळी मोजणी करा म्हणून दोघं मिळून अर्ज देऊ. सही करता?