हॉलचा टीव्ही, पार्किंगमधला बॉल

(गोव्यातल्या फातोर्ड्याच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, १४ आणि १५ मे २०२३. सुप्रभातची फुलं, टँकरचे हिशेब आणि एका काकांनी तीनदा पाठवलेला पित्तावरचा उपाय गाळलाय. बाकी जसंच्या तसं.)

रविवार

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. आज संध्या. ७ वा. हॉलमधला टीव्ही आयपीएलसाठी. खुर्च्या नंतर जागेवर ठेवाव्यात.

बी-२०४: साहेब, मी गुरुवारीच तुमच्याकडे नाव दिलं होतं. चिमूच्या टीमच्या मुली येणार आहेत. इंग्लंडच्या बायकांच्या फुटबॉलची, एफए कपची फायनल आहे. चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड, लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर. आपल्याकडे सातलाच सुरू होते.

सी-१०२: वहिनी, आज चेन्नई-कोलकाता. चेपॉकवर या सीझनची शेवटची लीग मॅच. धोनी तिथे परत दिसेल न दिसेल.

बी-३०२: तो तीन वर्षं झाली शेवटचाच खेळतोय.

सी-१०२: काकू, तुम्ही पण?

बी-३०२: मी कोल्हापूरची आहे बाबा. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की आधी विचारतात, पाटाकडील का शिवाजी? दोन्ही आमच्या फुटबॉलच्या टीम. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणाच्या घरी वेळेवर जेवण नाही. मी हॉलमध्ये येणार. डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणते.

ए-१०१: पण बायकांची मॅच बघायला एवढा हॉल कशाला? मोठी मॅच असती तर गोष्ट वेगळी.

बी-२०४: काका, वेंब्लीची सगळी तिकिटं संपलीत. या फायनलला असं पहिल्यांदाच झालंय.

सेक्रेटरी: गुरुवारची नोंद वहीत सापडली. चूक माझी. हॉल मुलींना. आयपीएलवाल्यांनी सी-१०२ कडे जावे.

सी-१०२: माझी परवानगी कुणी घेतली?

(सात वाजून एक मिनिट.)

चिमू (आईच्या फोनवरून): गोल!!! युनायटेड!!! अर्धा मिनिटसुद्धा झालं नाही!!!

चिमू (आईच्या फोनवरून): नाही दिला. ऑफसाइड.

ए-१०१: एवढ्या लवकर ऑफसाइड? आमच्या वेळी बॉल मैदानात यायलाच पाच मिनिटं लागायची.

बी-३०२: लीह गॅल्टन थोडी पुढे होती. लाइन्समनचं बरोबर आहे. पण चेल्सीच्या पोरी दचकल्या, एवढं खरं.

बी-४०१ (सर): युनायटेडची ही पहिलीच फायनल. या क्लबने २००५ मध्ये बायकांचा संघ बंद करून टाकला होता. २०१८ ला पुन्हा उभा केला आणि पाचव्या वर्षी वेंब्ली. चेल्सीचा मात्र हा ओळीने तिसरा कप होईल.

सी-१०२: सर, तुम्ही पण तिथेच? मी तुमच्यासाठी खुर्ची धरून बसलोय.

(आठ वाजून पाच.)

सी-१०२: लायट गेली. तुमच्याकडे आहे?

ए-३०३: सगळीकडेच गेली. पावसाच्या आधीची नेहमीची कटकट.

सेक्रेटरी: जनरेटर चालू केला आहे. त्यावर फक्त लिफ्ट, पंप आणि हॉल.

बी-३०२: या, या. लाडू शिल्लक आहेत. चॅनल बदलायचं नाही, रिमोट माझ्या पिशवीत आहे.

(आठ पंचवीसच्या सुमारास.)

चिमू (आईच्या फोनवरून): केर!!! सॅम केर!!!

ए-१०१: पळय पळय (बघ बघ), काय पास दिला! ती कोण बाय?

बी-३०२: पर्निल हार्डर. बदली म्हणून आलीय, डेन्मार्कची. पहिल्या हाफमध्ये युनायटेडने दमवून ठेवलं होतं. ती आल्यावर बाजू उघडली.

ए-१०१: आणि गोलकीपर? मघापासून तीच ओरडतेय सगळ्यांना.

चिमू (आईच्या फोनवरून): मेरी अर्प्स आजोबा. मी पण गोलकीपर आहे.

ए-१०१: ठाऊक आहे. माझ्या तुळशीची कुंडी तूच फोडलीस.

(आम्ही खाली होतो, म्हणून सांगते. शेवटच्या दहा मिनिटांत ए-१०१ काका खुर्चीतून तीनदा उठले आणि तिन्ही वेळा युनायटेडच्या बाजूने. नंतर म्हणाले, हरणाऱ्याच्या मागे कुणीतरी हवं. १-० वर संपली.)

बी-२०४: ७७,३९० माणसं होती. बायकांच्या क्लबांच्या देशांतर्गत सामन्याला जगात कुठेही एवढी गर्दी झाली नव्हती.

सी-१०२: लायट आली. कोलकाता सहा विकेट्सने जिंकली. धोनीने मैदानाला फेरी मारली ती पण हुकली. धन्यवाद.

सोमवार

सेक्रेटरी: काल रात्री ९.३० नंतर स्टिल्ट पार्किंगमध्ये बॉल खेळण्यात आला. ए-१०१ च्या गाडीचा आरसा वाकडा झाला आहे. ७ व ८ नंबरच्या खांबांवर विटेने रेघा मारून गोल आखले आहेत. पार्किंगमध्ये बॉल खेळण्यास मनाई आहे, बोर्ड लावलेला आहे.

बी-२०४: आरसा आम्ही भरून देऊ. मुलींना रागावले आहे. पण मग त्यांनी खेळायचं कुठे तेवढं सांगा. मागच्या मैदानावर पाच वाजल्यापासून मुलगे. मुली गेल्या तर कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभं राहायला मिळतं. आता पाऊस लागला की चार महिने स्टिल्टच.

सेक्रेटरी: वहिनी, गैरसमज नको. मुलींनी खेळू नये असं मी म्हणालेलोच नाही. जरूर खेळावं. फक्त आपल्या जागेत नको.

बी-४०१ (सर): हेच वाक्य १९२१ मध्ये झालं होतं.

सेक्रेटरी: कुठल्या सभेत? तेव्हा सोसायटी नव्हती.

बी-४०१ (सर): इंग्लंडच्या एफएच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेच्या. थोडं लांब लिहितो, चालेल ना? पहिल्या महायुद्धात प्रेस्टनला डिक, केर नावाच्या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या मुलींनी टीम काढली. दुपारच्या सुट्टीत अंगणात खेळून सुरुवात. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला, आत ५३,००० लोक, हजारो बाहेर राहिले. सगळं धर्मादाय निधीसाठी. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, एफएने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. नीट बघा. खेळायला बंदी नाही. मैदान द्यायला बंदी. बिचाऱ्या बागांमधून, रग्बीच्या मैदानांवर खेळत राहिल्या. पन्नासएक वर्षं.

सेक्रेटरी: सर, मी एफए नाही. मला आरशाचं बिल आलंय.

ए-१०१: बिल मला आलंय. पुढे सांगा सर.

बी-४०१ (सर): कप सुरू झाला तो १९७१ मध्ये. पहिली फायनल साउदॅम्प्टनने ४-१ अशी जिंकली, हरला स्कॉटलंडचा स्ट्यूअर्टन थिसल. वेंब्लीवर ही फायनल आली २०१५ ला. आणि गंमत पुढे आहे. कोरोनामुळे लांबलेली २०२१ ची फायनल वेंब्लीवर झाली ती ५ डिसेंबरला. ठरावाला त्याच दिवशी बरोबर शंभर वर्षं. चेल्सीने आर्सेनलला ३-० हरवलं, त्यातले दोन कालच्याच सॅम केरचे.

ए-१०१: ही केर त्या कारखान्यातल्या केरची कोण? नात?

बी-३०२: नाही हो. ही ऑस्ट्रेलियाची. तिचे वडील मात्र कलकत्त्यात जन्मलेले.

सी-१०२: म्हणजे काल दोन्हीकडे कलकत्ताच जिंकलं. आणि मी अंधारात बसलो होतो.

बी-२०४: चिमूला हे वेड कधीपासून लागलं ते सांगू? गेल्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपच्या दोन्ही सेमीफायनल आपल्या स्टेडियमवर होत्या. पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आली होती, ओवाळून झाल्या झाल्या निघालो. कोलंबिया-नायजेरिया ०-०, मग पेनल्टी, ६-५ ने कोलंबिया. नायजेरियाची एक मुलगी शेवटी गवतावर पालथी पडून रडत होती. चिमू घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझे रबरी हातमोजे घालून खाली गेली.

ए-३०३: भांड्याचे?

बी-२०४: हो, भांड्याचे. अजून तेच आहेत. उजव्याचा अंगठा फाटलाय, तिथे पट्टी चिकटवते.

(यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग पोदेर, म्हणजे पाववाला, आज आलाच नाही यावर सहा मेसेज.)

ए-१०१: ७ आणि ८ च्या मध्ये माझी गाडी असते, म्हणून त्या बाजूला सरकून खेळतात आणि आरशाला लागतो. मी गाडी संध्याकाळपुरती बाहेर काढली तर?

सेक्रेटरी: बाहेर फणसाखाली जागा आहे.

ए-१०१: फणसाखाली? मे महिन्यात? तुमची ठेवा.

सी-१०२: काका, गेटजवळ माझी स्कूटर असते तिथे लावा. स्कूटर मी फणसाखाली नेतो. तिच्यात फुटण्यासारखं काही उरलेलं नाही.

सेक्रेटरी: बोर्डचा विषय जूनच्या सभेत घेऊ. तोपर्यंत रात्री साडेसातनंतर बॉल नको. तुळशीच्या कुंड्या सर्वांनी उचलाव्यात. आणि हॉलचा रिमोट मिळत नाही.

बी-३०२: अगोबाई, पिशवीतच राहिला. लाडवांचा चुरा आत गेलाय, पुसून देते.

चिमू (आईच्या फोनवरून): आजोबा, आज साडेपाचला?

ए-१०१: पावणेसहा. माझा चहा होऊ दे.